हरवली की नेली?

१२ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी पेपर उघडला आणि चहा तसाच राहिला. निठारी प्रकरणातल्या शेवटच्या आरोपीलाही सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशी निर्दोष सोडले, अशी बातमी होती. दुपारी नॉयडाहून भाचीचा फोन आला. ती एरवी हवापाण्याचे बोलते. त्या दिवशी म्हणाली, "मावशी, सगळेच सुटले. मग ती मुलं नेली कुणी?"

मला उत्तर देता आले नाही. पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे तपासली. या प्रश्नापुढे मात्र पाटी कोरी. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक जुनी गोष्टही. ती आजवर मी घरातही फारशी कुणाला सांगितलेली नाही. दोन्ही एकत्रच लिहिते. लांबण लागेल, पण सांभाळून घ्या.

निठारी मी पाहिलेले आहे. २००९ च्या जानेवारीत भाचीकडे महिनाभर राहिले होते तेव्हा. दिल्लीच्या थंडीत आम्हा इकडच्या माणसांची हाडे कशी वाजतात ते ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको! एका दुपारी ऊन खायला म्हणून सायकलरिक्षाने निघालो, आणि रिक्षावाल्यानेच बोट दाखवून सांगितले, "वो रहा निठारी." मला वाटले होते, शहराच्या टोकाला कुठे तरी असेल. पण नाही. मूळचे हे गाव, भोवती नॉयडाचे सेक्टर उठले आणि गाव मध्ये अडकले. पुण्यात कोथरूड, एरंडवण्याचे झाले तसे, फक्त इथे गाव विरघळले नाही, गाठीसारखे राहिले. सेक्टर ३१ मधले बंगले एका बाजूला आणि गावातल्या भाड्याच्या खोल्या दुसऱ्या बाजूला. खोल्यांत बंगालमधून, बिहारमधून, उत्तर प्रदेशाच्या दूरच्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली माणसे. बंगल्यांतली धुणीभांडी, रिक्षा, इस्त्री, गवंड्याच्या हाताखालचे काम, सगळे हेच करणार. म्हणजे दिवसभर बंगल्यात यांचा वावर, आणि रात्री यांच्यात आणि बंगल्यात अंतर किती, ते मोजता येणार नाही.

या खोल्यांतून २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुले नाहीशी होऊ लागली. बहुतेक मुली, काही मुलगे. कुणी खेळायला गेले, कुणी दुकानात. आईबाप पोलीस चौकीत गेले तेव्हा त्यांना मिळालेली उत्तरे पुढे वर्तमानपत्रांत छापून आली. मुलगी जरा मोठी असली की "भाग गई होगी", लहान असली की रिश्तेदारांकडे बघा. काहींची नोंद झाली, ती 'गुमशुदगी'ची. काहींची तीही झाली नाही.

इथे जरा थांबून ही नोंद काय असते ते सांगते, कारण सगळे पाणी इथेच मुरते. आपल्याकडेही पोलीस "मिसिंग दाखल केली" म्हणतात. माणूस हरवणे हा काही गुन्हा नाही. तेव्हा त्याची नोंद डायरीत होते, वर्णन आसपासच्या ठाण्यांना कळवले जाते, फोटो लावला जातो. बस्स. कुणी तरी नेले असे म्हटले, तर मात्र तो अपहरणाचा दखलपात्र गुन्हा होतो. मग फिर्याद घ्यावी लागते, तपासी अंमलदार नेमावा लागतो, जबाब घ्यावे लागतात, पंचनामा करावा लागतो, आणि केलेल्या कामाचा हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. दोन क्रियापदांचा फरक! 'हरवली' म्हटले की कर्ता तीच, दोषही जवळजवळ तिचाच. 'नेली' म्हटले की कर्ता दुसरा कुणी तरी, आणि तो शोधायला हवा. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला व्याकरण सुटत नाही, म्हणून तुम्ही हसाल. पण ज्यांची मुले गेली त्यांना हा फरक शाळेत न जाताही कळत होता. पोलिसांनाही कळत होता, आणि म्हणूनच सोयीची नोंद होत होती.

तर आता ती जुनी गोष्ट.

१९७० च्या दशकाचा शेवट. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती, शाळा एका बाजारपेठेच्या गावात. गावाचे नाव घेत नाही. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील नव्हते, आई रोजाने शेतात जायची. मुलगी दोन दिवस आली नाही. मी हजेरीपटावर 'गै' लिहिले. सुगीचे दिवस, अर्धा वर्गच गैरहजर असे, त्यात नवल वाटले नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या दारात उभी. बाजारच्या दिवशी पोर तेलाची बाटली घेऊन गेली ती परत आलीच नव्हती. दोन दिवस बाईने विहिरी पाहिल्या, पाहुणे पाहिले. मग चौकीत गेली, तर तिथे सांगितले, "अर्ज लिहून आण." तिला लिहिता येत नव्हते. म्हणून ती माझ्याकडे आली.

मी तिला वर्गाबाहेर बाकावर बसवले, कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. (अक्षराचा मला फार गर्व होता. तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले होते.) लिहिलेले तिला वाचून दाखवले. "माझी मुलगी बाजारातून हरवली आहे, तरी तिचा शोध घ्यावा ही नम्र विनंती." ती म्हणाली,

"हरवाया ती काय शेरडू हाय व्हय, बाई? न्हेलीया तिला."

कुणी नेली, असे विचारल्यावर तिने सांगितले. तीन बाजारांपासून एक फेरीवाला येत होता. रिबिनी, पिना, आरसे असले सामान. पोरीला त्याने एकदा फुकट रिबिनी दिल्या होत्या. त्या बाजारादिवशीही तो होता, आणि दुपारनंतर त्याचे दुकान दिसले नव्हते. तो कसा दिसतो, तेही ती सांगू लागली. मी म्हटले, "मावशी, थांबा, मुख्याध्यापकांना विचारून येते."

मुख्याध्यापक सज्जन माणूस होते. ते म्हणाले, "बाई, पुराव्याशिवाय कुणावर आळ घेऊ नका. अर्ज तुमच्या हस्ताक्षरात आहे, उद्या साक्षीला बोलावतील." मला ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा भीती वाटली. मी बाहेर येऊन तिला समजावले की पोलीस विचारतील तेव्हा हे सगळे तोंडी सांगा, अर्जात एवढे पुरे. तिने अंगठा उठवला आणि कागद घडी करून कमरेला खोचून ती गेली.

चौकीत तो अर्ज घेतला गेला आणि फायलीला लागला. तोंडी सांगितलेले कुणी ऐकले की नाही, ठाऊक नाही. आई दर दोन-तीन दिवसांनी चौकीत जायची, आणि परतताना शाळेच्या फाटकाशी थांबायची, जणू मुलगी तिथेच येणार आहे. गावात कुजबुज होती, कुणी तरी काही तरी करायला पाहिजे म्हणून. फौजदाराला भेटायला चार प्रतिष्ठित जाऊन आले. "तपास चालू आहे," एवढेच उत्तर. पुढच्या बाजारी एक फेरीवाला आला. रिबिनी, पिनाच विकणारा. चौकीवरचा सगळा राग त्याच्यावर निघाला. त्याला झाडाला बांधून इतके मारले की मी शाळेच्या खिडकीतून पाहू शकले नाही. मुलीची आई धावत आली आणि ओरडत राहिली, "ह्यो न्हवं! ह्यो न्हवं त्यो!" तिचे कुणी ऐकले नाही. माणूस जिवानिशी वाचला, पण त्यानंतर त्या बाजाराला कुठलाच फेरीवाला कित्येक महिने फिरकला नाही. खरा जो कुणी असेल, तो असला तर, तोही नाहीच.

मुलगी सापडली नाही. तिला फेरीवाल्यानेच नेले, असे मी आजही म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण त्याला शोधून विचारायला हवे होते आणि ते पहिल्या आठवड्यातच होऊ शकले असते, एवढे माहीत आहे. वर्ष संपताना नियमाप्रमाणे मी पटावरून तिचे नाव कमी केले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'दीर्घकाळ गैरहजर'.

असो. निठारीकडे वळते.

निठारीतल्या एका बापाने मात्र हार मानली नाही. त्याची वीस वर्षांची मुलगी मे २००६ मध्ये नाहीशी झाली. चौकीत दाद लागेना तेव्हा तो न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने सांगितल्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. मे ते ऑक्टोबर! तिच्या मोबाइल फोनचा माग काढत पोलीस शेवटी सेक्टर ३१ मधल्या डी-५ या बंगल्यापर्यंत आले. म्हणजे गुन्हा नोंदवून साधा माग काढला तर तो निघत होता. हे काम पहिल्या मुलाच्या वेळी झाले असते तर, हा विचार त्या वस्तीतल्या प्रत्येक घराने केला असणार.

आणि मध्येच नोव्हेंबर २००६ मध्ये काय झाले पहा. त्याच नॉयडात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाच्या तीन वर्षांच्या मुलाला भर सकाळी पळवले. देशभर बातमी झाली, मोठमोठे अधिकारी कामाला लागले, टीव्हीवर दिवसरात्र तेच. चार-पाच दिवसांत मूल सुखरूप घरी परतले. त्याचा आनंदच आहे, त्या आईबापाचा काय दोष? त्या वेळी कुणी "रिश्तेदारांकडे बघा" म्हटले नाही, आणि म्हणायला नकोच होते. पण त्याच शहरात, थोड्या अंतरावर, कितीतरी मुलांच्या नोंदी डायरीत पडून होत्या. महिनाभराने निठारीचे उघडकीला आले तेव्हा लोकांनी पहिली तुलना केली ती हीच, आणि त्यांना चूक कसे म्हणायचे?

२९ डिसेंबर २००६. डी-५ च्या मागे, बंगला आणि जल निगमाचे आवार यांच्या मधल्या पट्टीत आणि समोरच्या नाल्यात कवट्या आणि हाडे सापडली. बंगल्याचा मालक आणि त्याचा घरगडी दोघांना अटक झाली. (दोघांची नावे तेव्हा घरोघर झाली होती. आज दोघेही न्यायालयाने सोडलेले आहेत, म्हणून मी ती इथे घेत नाही.) पुढचे दिवस आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. वस्तीतली माणसे स्वतः हातात फावडी घेऊन नाला उपसत होती. पोलीस काही लपवतील, हाडे गायब करतील, असे त्यांना वाटत होते. दोन वर्षांच्या अनुभवानंतर दुसरे काय वाटणार! बंगल्यावर दगड पडले, पोलिसांशी झटापटी झाल्या. सरकारने काही अधिकारी निलंबित केले, काही पोलिसांना काढून टाकले. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला.

मीही तेव्हा टीव्हीपुढे बसून "फाशीच द्या" म्हणणाऱ्यांतलीच होते, हे कबूल करते. सगळे घरच म्हणत होते. कुणाला कशाची शंका नव्हती. इतका उशीर झाला होता की आता एक दिवसही थांबणे पाप वाटत होते.

पण त्या दिवसांत काय काय हातचे गेले, ते कळायला एकोणीस वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या त्रुटी दाखवल्या त्या वाचताना मला घाम फुटला. खोदकाम सुरू होण्यापूर्वी ती जागा सुरक्षित केली नव्हती. आरोपीने जागा दाखवली म्हणतात, तर त्याने नेमके काय सांगितले ते त्याच वेळी लिहून घेतलेले नव्हते. कागदपत्रांत एकमेकांशी न जुळणारे तपशील होते. ज्या कबुलीजबाबावर सगळी इमारत उभी होती, तो आरोपी साठ दिवस पोलीस कोठडीत राहिल्यानंतरचा होता, मध्ये त्याची धड वैद्यकीय तपासणी नाही, धड वकील नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर २०२३ मध्येच सांगितले होते की हा तपास बिघडवून टाकलेला आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीने सुरुवातीलाच, यामागे अवयवांचा व्यापार तर नाही ना, हेही तपासा असे सुचवले होते, तेही नीट तपासले नाही, म्हणून न्यायालयाने तपास यंत्रणांना फार कडक शब्द वापरले. घरगडी गरीब, त्याला सैतान ठरवणे सोपे होते, अशा अर्थाचेही त्या निकालात होते.

मधली वर्षे भराभर सांगते. सीबीआयने एकोणीस गुन्हे नोंदवले, सोळांत आरोपपत्रे दिली. फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे मी तिथून परतल्यावर महिन्याभरातच, पहिल्या खटल्यात दोघांनाही फाशी सुनावली गेली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्या खटल्यातून मालकाला सोडले आणि नोकराची फाशी कायम केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. २०१४ मध्ये तर फाशी इतकी जवळ आली होती की सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर स्थगिती दिली. २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे त्या एका खटल्यातली फाशी जाऊन जन्मठेप आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा खटल्यांतून नोकराला आणि दोन खटल्यांतून मालकाला मोकळे केले. जुलै २०२५ मध्ये त्यावरची अपिले फेटाळली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये पहिल्या खटल्यातूनही तो सुटला. ज्या पुराव्यावर बारा खटले उभे राहत नाहीत, त्याच पुराव्यावर तेरावा कसा उभा राहील, असा साधा तर्क.

म्हणजे ज्याला आपण सगळे फासावर बघायला बसलो होतो, तो फासावर गेला असता तर? २०१४ च्या त्या रात्री काही तासांनी हुकले. मला झाडाला बांधलेला फेरीवाला आठवला. निकाल वाचताना शेरा मारण्याचा मला अधिकार नाही, तो आरोपी खरेच कोण होता हेही मला ठाऊक नाही. न्यायालयाने म्हटले तेवढेच म्हणते, की गुन्हे भयंकर होते, त्या कुटुंबांच्या दुःखाला सीमा नाही, आणि हलगर्जी व उशीर यांमुळे खरा गुन्हेगार शोधण्याच्या वाटाच बंद झाल्या.

लोक संतापले ते तपासाच्या संथपणावर, आणि तो संताप शंभर टक्के खरा होता. पण त्या संतापाला उत्तर म्हणून जी घाई झाली, ती घाई त्या संथपणाचेच दुसरे अंग निघाले. पहिली दोन वर्षे काहीच लिहिले नाही, आणि मग साठ दिवसांत सगळेच लिहून काढले. वर्गात असे विद्यार्थी असतात. वर्षभर वही कोरी, आणि तपासणीच्या आदल्या रात्री एका शाईने, एका बसणीत सगळी भरलेली. बाईंना ते पहिल्या पानावरच कळते.

कुणी म्हणेल, हे तिकडे उत्तरेत, आपल्याकडे असे नाही. आपल्या कोल्हापूरचे गावित प्रकरण विसरू नका. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पश्चिम महाराष्ट्रात, नाशिक-ठाण्यापर्यंत फिरत, गर्दीतून लहान मुले उचलत, चोऱ्या करताना त्यांची ढाल करत, आणि नकोशी झाली की मारून टाकत. तेरा मुलांच्या अपहरणाचे प्रकरण न्यायालयात आले. मुले वेगवेगळ्या गावांतली, बहुतेक गोरगरिबांची, आणि हे सगळे सहा वर्षे चालू राहिले. शेवटी सापडल्या कशा, तर एका आईने आपली मुलगी हरवली असे न म्हणता, हिच्यावर माझा संशय आहे असे नाव घेऊन सांगितले म्हणून. अंजनाबाई खटल्यापूर्वीच कोठडीत मेली. मुलींना २००१ मध्ये कोल्हापुरात फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे निठारीतले आईबाप चौकीच्या पायऱ्या झिजवत होते त्याच दिवसांत. पुढे दयेच्या अर्जांवर सरकारने वर्षानुवर्षे घोळ घातला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या उशिरामुळे फाशीची जन्मठेप केली. उशीर आधी मुलांच्या वाट्याला, नंतर गुन्हेगारांच्या पदरात! आमच्या शिक्षकखोलीत १९९६ च्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता. आम्ही मुलांना रांगेने फाटकापर्यंत पोचवत होतो. मी मात्र त्या दिवसांत दुसऱ्याच एका मुलीचा विचार करत होते. वर्षे जुळत नाहीत, हे ठाऊक असूनही.

निठारीनंतर काहीच बदलले नाही असे मात्र नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अभ्यासातून पुढे आले होते की देशात दर वर्षी सुमारे ४४,००० मुले हरवल्याच्या नोंदी होतात आणि त्यातली सुमारे ११,००० सापडतच नाहीत. निठारीनंतर हे आकडे पुन्हा पुन्हा सांगितले गेले. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, आणि ते पळवले गेले आहे किंवा विकले गेले आहे असेच सुरुवातीला गृहीत धरायचे. तुम्ही पेपरात रोज वाचत असाल, "अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले." पूर्वी त्या ठोकळेबाज वाक्याचा मला कंटाळा यायचा, लाल पेन्सिल घ्यावीशी वाटायची. त्यामागे हा आदेश आहे हे कळल्यापासून वाचते तेव्हा बरे वाटते. पळून गेलेली, रागावून गेलेली मुलेही त्यात मोजली जातात, त्यामुळे अपहरणाचे आकडे फुगलेले दिसतात. फुगू देत. डायरीतल्या रिकाम्या ओळीपेक्षा फुगलेला आकडा परवडला. बारीकसारीक तक्रारी अजून ऐकू येतातच, "चोवीस तास थांबा" म्हणणारे अजून भेटतात. त्यांना या आदेशाची तारीख सांगा. पाठ करून ठेवा. पोरे लहान असलेल्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, तुम्हाला म्हणतेय.

भाची सांगत होती की डी-५ अजून तसाच उभा आहे, ओसाड, झाडोरा माजलेला. कामाला येणाऱ्या बाया त्या बाजूने जाणे अजून टाळतात. ज्यांची मुले गेली त्यांतले बरेच जण गाव सोडून गेले म्हणे, काही तिथेच आहेत.

परवा दुपारी बसून मी तो अर्ज पुन्हा लिहिला. असाच, स्वतःसाठी. आता हात कापतो, अक्षर पूर्वीचे राहिले नाही. "माझ्या मुलीला कुणी तरी नेले असावे असा माझा संशय आहे." आळ नाही, संशय. एवढा एक शब्द होता, आणि मला तेव्हा सुचला नाही. पुढे बाजाराचा वार, ती घरातून निघाली ती वेळ, तेलाची बाटली. मग फेरीवाला, तीन बाजार येत होता तो. त्याच्या वर्णनाची जागा कोरी सोडावी लागली, कारण आई सांगत होती तेव्हा मी उठून मुख्याध्यापकांकडे गेले होते. शेवटी मुलीचे वर्णन. वय अकरा, रंग सावळा, अंगात शाळेचा फ्रॉक, वेण्यांना नव्या रिबिनी.

त्यांचा रंग कोणता, ते मला लिहिता आले नाही. ती माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती.